पालखीचे चौघे भोई सोळा रोज कोठेच नव्हते, त्याची हकिकत

॥ श्री वाटेश्वर प्रसन्न ॥

श्री वाटेश्वरास नमन, वाटेवरील धोंड्यांस नमन, आणि धोंड्यास ठेच लागता जो शब्द तोंडी येतो त्यास दुरून नमन. ही हकिकत ज्यास वाचणे असेल त्याने बसोन वाचावी. चालता वाचू नये, कारण चालता केलेले काम हजेरीत धरावे की न धरावे, याचाच हा सारा बखेडा आहे. शके सत्राशे, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक दौलत होती. दौलतीचे नाव बखरकारास ठाऊक आहे, परंतु सांगत नाही, कारण बखरकाराची चाकरी अद्याप कच्ची आहे. दौलतीस महाराज होते, ते बहुतकरून निजत, आणि जागे असता शिकारीस जात, आणि कारभार सारा तिमाजीराव कारभारी पाहत. तिमाजीराव देहाने रुंद, उंचीने ठेंगणे, बुद्धीने मध्यम, आणि हुकूम काढण्यात त्यांची बरोबरी करील ऐसा पुरुष त्या प्रांती जाहला नाही. सकाळी दातवण करिता एक, भोजनोत्तर दोन, आणि शिंक आली तर शिंकेचाही एक, ऐसे हुकूम सुटत.

कारभाऱ्यांचे पालखीस भोई चौघे. पुढल्या उजव्या दांड्यास सटवाजी. हा दांडा त्याचे घराण्याकडे सात पिढ्यांचा. त्या घराण्यातील पुरुषांचे उजव्या खांद्यावर कवठाएवढा घट्टा असे, आणि अंधारात बापलेक एकमेकांस त्यावरूनच ओळखीत. पुढल्या डाव्या दांड्यास येमाजी, सटवाजीचे बायकोचा मामा, म्हणून साऱ्या भोईआळीचा मामा. मागील दांड्यांस दोघे सख्खे भाऊ होते. त्यांची नावे बापाने ठेविलीच असतील, परंतु उभी दौलत त्यांस 'मागले' म्हणे. मागल्यांनी तीस वरुषे पालखीचे पाठीखेरीज जगात काही पाहिले नव्हते. सबब रीत अशी की, पुढल्याने वाट पाहावी आणि हाळी द्यावी, आणि मागल्यांनी ती जैशीच्या तैशी झेलावी. पुढला म्हणे "काटा!", मागून येई "काटा!". पुढला म्हणे "उतार!", मागून येई "उतार!". हाळी झेलली नाही तोवर पुढला पाऊल टाकीत नसे. येणेप्रमाणे सात पिढ्यांत पालखी एकदाही पडली नाही, ही गोष्ट दौलतीत कोणाचे ध्यानी आली नाही, कारण न पडलेली पालखी कोण पाहतो.

कार्तिक वद्य पक्षी कारभारी पालखीत बसोन ताक पीत चालिले होते. तो समोरून एक रेडा आला. सटवाजीने रीतीप्रमाणे हाळी दिली, "रेडा!" आणि मागून दोघांनी मोठ्याने झेलली, "रेडा!" कारभारी दचकले, पेला हिंदकळला, आणि ताक मिशांतून उतरोन डगल्यावर आले. मग पालखी थांबविली आणि पुसते जाहले, "कोण रेडा?" सटवाजी म्हणाला, "म्होरं हाय, सरकार." कारभारी म्हणाले, "पुढे आहे हे कबूल. मग मागले कोणास म्हणाले? त्यांचे पुढे तर आम्हीच बसलो आहो." हिशेब बरोबर होता. आणि येमाजी मामा हळूच बोलला, "आता रेड्यालाच साक्षीला आना म्हनावं." परंतु रेडा तोवर उसात शिरला होता. कारभाऱ्यांची मर्जी खप्पा जाहली, आणि म्हणाले, "भोई लोक अशिक्षित आहेत. यांस तालीम पाहिजे." आणि हुकूम सुटला.

हुकूम ऐसा की, चौघा भोयांनी आपली पालखी घेऊन सोनकडे गावी जावे आणि तेथे खांद्याची तालीम घ्यावी. जो न जाईल त्याचे नाव त्याच रोजी कमी. सोनकडे तेथून आठ रोजांची वाट. इतक्या दूर तालीमखाना का, ऐसे कोणी पुसेल, तर सोनकडे ही कारभाऱ्यांची सासुरवाडी, आणि तेथे एक पडवी रिकामी होती. तालीम देणार विश्वंभरशास्त्री. शास्त्रीबोवा वयोवृद्ध, सत्त्वशील, पुराणाचे बारा स्कंध, म्हणजे बाराही भाग, त्यांस मुखोद्गत. कारभाऱ्यांनी हे ऐकिले आणि स्कंध म्हणजे खांदा इतुके संस्कृत त्यांस येत होते, सबब बोलिले, "ज्यास बारा खांद्यांचे ज्ञान, त्यास भोयाचे दोन काय कठीण!" दरबारात सर्वांनी मान डोलाविली. एक वृद्ध पुराणिक काही सांगावयास उठले होते, परंतु त्यांस खोकला आला आणि नेमणूक होऊन गेली.

आता हजेरीची गोष्ट. अवधूतपंत हजेरीनवीस हे मोठे नेकीचे आणि भित्रे गृहस्थ. त्यांचेपाशी हजेरीपट. पटावर पहिले नाव कारभाऱ्यांचे, शेवटले हौदावरील कासवाचे, आणि मध्ये सारी दौलत. नावापुढे खुणा तीनच: हजर, गैरहजर, मयत. नियम वडिलोपार्जित ऐसा की, एके महिन्यात पंधरा रोज गैरहजेरी माफ. सोळावा रोज लागला की अमावास्येस नाव चाकूने खरवडोन काढावे, तोवर चाकरी घ्यावी. नाव गेले की दांडा गेला आणि भोईआळीतले घरही गेले, कारण घर दांड्याकडे होते, माणसाकडे नव्हते. मुदपाकखान्याचे आचाऱ्याचा मेहुणा दोन वरुषे सटवाजीचे दांड्यावर नजर ठेवून होता. तो उंचीने हातभर कमी, सबब पालखी तिरपी झाली असती, परंतु तिरपेपणाची गैरहजेरी लागत नाही.

सटवाजीस लिहिणे येत नव्हते, मोजणे येत होते. तो पंतांकडे गेला आणि जोहार करून म्हणाला, "पंत, जायाला आठ रोज, यायाला आठ. ह्ये सोळा रोज कुनाचे?" पंतांनी पट उघडिला, मिटला, पुन्हा उघडिला, आणि म्हणाले, "हे पाहा सटवाजी. इथून निघालास म्हणजे इथला हजर नाहीस. तिथे पोचलास की तालमीचा एक रोज हजर." सटवाजी म्हणाला, "आन् मधी?" पंत म्हणाले, "मध्ये तू कोठेच नाहीस." सटवाजीने आपले पायांकडे पाहिले, मग म्हणाला, "पंत, मी कुटंच न्हाय, मग चालतोय कोन?" पंत म्हणाले, "ते पटावर विचारीत नाहीत." सटवाजी म्हणाला, "पालखी खांद्यावर आसंल, पंत. सरकारचीच." पंत म्हणाले, "आत धनी असेल तर चाकरी. रिकामी पालखी म्हणजे प्रवास, आणि प्रवास म्हणजे गैरहजर. म्हणजे सोळा होतात. म्हणजे तुझे नाव..." आणि पंतांचे डोळ्यांस पाणी आले, कारण ते खरोखर भले होते. मग विचार करून म्हणाले, "एक उपाय आहे. मयत लिहू का? मयतास गैरहजेरी लागत नाही." सटवाजी आनंदला आणि म्हणाला, "लिवा की! आल्यावर परत जित्ता लिवा." पंत म्हणाले, "तेवढे मात्र माझे हाती नाही. मयताचा जिवंत करणे असल्यास दरबारची मंजुरी लागते आणि ती दसऱ्याखेरीज निघत नाही. गेल्या साली एक अर्ज आला होता, तो अर्जदार मंजुरीपूर्वीच खरा मेला, म्हणून निकाली काढला."

घरी आल्यावर ही सर्व हकिकत सटवाजीने बायको ठकूबाईस सांगितली. ठकूबाई भाकरी थापीत होती, ती थापीतच राहिली आणि म्हणाली, "अवं, म्हंजी न्हाई गेलं तर नाव जातं, आन् गेलं तरी नाव जातं?" सटवाजी म्हणाला, "व्हय." ठकूबाई म्हणाली, "मंग ही खांद्याची तालीम न्हवं, ही घर सोडायची तालीम." आणि परातीवर बोटांनी मोजून म्हणाली, "येताना एक रोज वाचवा. आठाचे सात करा. पंधरा झालं की सुटलो. पंधरा माफ हायती." सटवाजी म्हणाला, "पालखी घिऊन सात रोजांत?" ठकूबाई म्हणाली, "रिकामी तर हाय. आन् न्हायतर मी आचाऱ्याच्या मेव्हण्याला भाकरी थापून घालू का हितं?" हे ऐकून सटवाजीचे अंगी एकाएकी बळ आले.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस चौघे निघाले. रिकामी पालखी खांद्यास जड लागते, कारण आत शिव्या देण्यास कोणी नसते. गावोगाव लोक धावोन येत आणि पुसत, "आत कोण?" येमाजी मामा म्हणे, "कोनी न्हाय." लोक म्हणत, "निराकार!" आणि नारळ ठेवीत. तिसरे गावी तर एका बाईने रिकाम्या पालखीस नवस केला, आणि नवस फळला ऐसे पुढे कळले. येणेप्रमाणे आठवे रोजी सोनकड्यास पोचले, तो नारळ सत्तावीस जाहले होते.

नवमीस तालीम जाहली. पडवीत सतरंजी, सतरंजीवर शास्त्रीबोवा. प्रथम चौघांनी आपले नाव सांगावे आणि आवडते फळ सांगावे, ऐसा कारभाऱ्यांचा लेखी हुकूम होता, जेणेकरून भीड चेपेल. हे चौघे तीस वरुषे एका पालखीखाली होते. मागल्यांनी आपली नावे सांगितली, तेव्हा येमाजी मामा चकित होऊन म्हणाला, "आरं, तुमास्नी नावं हायती?" मग शास्त्रीबोवांनी पहिल्या स्कंधास आरंभ केला. दोन प्रहर जाहले, तिसरा स्कंध लागला, मागले निजले. तेव्हा शास्त्रीबोवा थांबले, इकडे तिकडे पाहिले आणि सटवाजीजवळ सरकोन हळूच बोलिले, "बाबा, मला पालखीतले काही कळत नाही. मी जन्मात पालखीस हात लावला नाही. हुकूम आला, नाही कसे म्हणू?" सटवाजी म्हणाला, "आमचंबी तसंच झालं, शास्त्रीबुवा." मग शास्त्रीबोवांनी खऱ्या मनाने पुसले, "खांदा सुजला तर तुम्ही काय लावता?" सटवाजी म्हणाला, "एरंडाचं पान, तव्यावर जरा शेकून." शास्त्रीबोवांनी ते लिहून घेतले. त्या तालमीत ज्ञान म्हणून जे काय इकडचे तिकडे गेले ते इतकेच. शेवटी अभिप्रायाचा कागद फिरला. त्यावर तीन घरे: उत्तम, अत्युत्तम, आणि शब्दच नाहीत. चौघांसही अक्षर येत नव्हते, सबब 'शब्दच नाहीत' यावर चौघांनी आंगठे केले. तो कागद कारभाऱ्यांनी पुढे दरबारात चौकटीत लावविला.

दशमीस पहाटे चौघे निघू लागले, आठाचे सात करावे म्हणून. तो कारभाऱ्यांचे सासरे काठी टेकीत आले, आणि मागे चार गडी एक पाटा आणि एक वरवंटा घेऊन. म्हणाले, "हा आमच्या लेकीचा. तिकडच्या पाट्यावर तिची चटणी जमत नाही. पालखी रिकामीच जाते आहे, न्या." पाटा काळ्या दगडाचा, कारभाऱ्यांहून वजनास थोडा अधिक आणि स्वभावाने पुष्कळ शांत. सटवाजीने मामाकडे पाहिले, मामाने आभाळाकडे पाहिले, आणि पाटा पालखीत बसला. त्यास लोड लाविला. मग चौघे धावते जाहले. धापा टाकीत, "खड्डा!" "खड्डा!" करीत, रात्रीचे थांबणे अर्ध्यावर आणून धावले. परंतु पाटा तो पाटा. सातवे रोजी सूर्य बुडाला तेव्हा दौलतीची वेस दोन कोसांवर दिसत होती, आणि मागल्यांपैकी धाकट्याचा पाय मुरगळला. वद्य द्वितीयेस सकाळी हजेरी जाहल्यावर घटकाभराने चौघे दरवाजात उभे राहिले. पंतांनी त्यांस खिडकीतून पाहिले. त्यांचे हातातील टाक ओलाच होता. खूण लिहून जाहली होती, आणि ती सोळावी होती.

सटवाजी पंतांस म्हणाला, "पंत, पालखी रिकामी नव्हती. पाटा हुता." पंत म्हणाले, "पाटा म्हणजे धनी नव्हे." येमाजी म्हणाला, "पन धनिनीचा हाय!" पंतांनी जुने कागद पाहिले. पादुका, तलवार आणि एकदा महाराजांची पगडी ही धनी धरिली होती, पाट्याचा दाखला सापडेना. म्हणून बाब दरबारात गेली. कारभारी गादीवर बसले आणि सर्व ऐकून घेतले, आणि हसले, आणि म्हणाले, "तालीम तुमच्या भल्याची. तुम्ही शिकला, म्हणजे विद्या तुमची जाहली. मग तिच्या वाटेचे रोज दौलतीने का धरावे?" सटवाजी म्हणाला, "सरकार, सोनकड्यात माजं कायबी काम नव्हतं. तुमी धाडलं म्हनून गेलो." कारभारी म्हणाले, "धाडले आम्ही, चाललास तू." दरबारात वाहवा जाहली. तिने त्यांस चेव आला आणि तत्क्षणी ठराव सांगितला, "प्रवास म्हणजे चाकरी नव्हे. जो वाटेत आहे तो चाकरीत नाही. हा नियम थोरापासून कासवापर्यंत सर्वांस सारखा, आणि मागील चैत्र प्रतिपदेपासून लागू." मोहोर उमटली, दवंडी पिटली. भोईआळीत दवंडी आली तेव्हा ठकूबाई मडकी काढून ओसरीवर मांडीत होती. ती दवंडीवाल्यास म्हणाली, "दादा, तूबी चालत चालतच पिटतुयास न्हवं?" दवंडीवाला थांबला, विचारात पडला, आणि पुढील दवंडी बसोन पिटू लागला. सबब ती भोईआळीपलीकडे कोणासच ऐकू गेली नाही.

वद्य पंचमीस कारभारी स्वतः सोनकड्यास निघाले. कारण सांगितले की, 'शब्दच नाहीत' ऐसा अभिप्राय आलेल्या शास्त्रीबोवांस शालजोडी द्यावी. खरे कारण, सासुरवाडीस हुरडा होता. अमावास्येस दहा रोज अवकाश, सबब पालखीस तेच चौघे. बरोबर तट्टावर अवधूतपंत, मांडीवर हजेरीपट. सटवाजी चालता चालता बोटांवर काही मोजीत होता. येमाजी एकदा म्हणाला, "सटवा, काय चाललंय डोक्यात?" सटवाजी म्हणाला, "मामा, सात पिढ्या आपन काय केलं?" मामा म्हणाला, "पालखी वाहिली." सटवाजी म्हणाला, "म्हंजी प्रवास केला. म्हंजी चाकरी केलीच न्हाय." दहा पावले गेल्यावर मामाचे तोंडावर हसू आले ते पुसेना.

दुसरे रोजी खडकवती नदी लागली. कमरेएवढे पाणी, मधोमध एक सपाट खडक. तेथवर "पाणी!" "पाणी!" "शेवाळ!" "शेवाळ!" करीत चौघे आले. आणि खडकापाशी येता सटवाजीने छातीत वारा भरून हाळी दिली, "प्रवास!" मागल्यांनी ही हाळी कधी ऐकिली नव्हती, परंतु रीत म्हणजे रीत. दोघांनी झेलली, "प्रवास!" आणि पालखी खडकावर अलगद टेकली, आणि चौघे तिच्या भोवती बसले आणि भाकरी सोडिल्या. कारभाऱ्यांनी पडदा सारून पाहिले तो चारी बाजूंस पाणी. म्हणाले, "हे काय?" सटवाजी उठोन अदबीने म्हणाला, "जेवतुया, सरकार." कारभारी म्हणाले, "उचला!" सटवाजी म्हणाला, "उचलनं म्हंजी चाकरी, सरकार. चाकरी वाड्याच्या दरवाजात सपली. आता सोनकड्याला पोचलं की लागंल. मधी आमी कुटंच न्हाय." कारभारी गर्जले, "मी हुकूम देतो!" येमाजी मामा भाकरीवर चटणी घेत म्हणाला, "कुनाला? हितं तर कोनी न्हाय." कारभारी म्हणाले, "तुमचे चौकशीस आम्ही दरबार बसवू!" मामा म्हणाला, "बसवा की, सरकार. पन दरबार वाड्यावर हाय, आन् तितं जायाला पालखी लागंल. चटनी खानार? तुमच्याच पाट्यावरची हाय. ठकीनं वाड्यात पोचवायच्या आदी दोन वाटनं वाटून घेतली."

मग कारभारी तीरावरील पंतांस ओरडले, "अवधूतपंत! या चौघांची आत्ताचे आत्ता नावे कमी करा!" पंत तट्टू पाण्यात घालोन खडकापाशी आले, पट उघडिला, टाक काढिला, आणि थबकले. म्हणाले, "सरकार, अडचण आहे. मीही प्रवासात आहे. म्हणजे मी चाकरीत नाही. म्हणजे मला लिहिता येत नाही." आणि नेकीचे गृहस्थ असल्याने तिथेच न थांबता पटाचे पहिले पान पाहू लागले, आणि त्यांचा चेहरा पांढरा जाहला. म्हणाले, "सरकार, आपणही चैत्रात सोनकड्यास गेला होता, तेथील रिकाम्या पडवीची पाहणी म्हणोन. वाटेचे रोज सोळा. आषाढात सोळा. भाद्रपदात सोळा. ठराव चैत्रापासून लागू आहे. म्हणजे आपले नाव चैत्री अमावास्येसच कमी झाले." कारभारी म्हणाले, "म्हणजे?" पंत म्हणाले, "म्हणजे आपण कारभारी नाही. कारभारी नाही म्हणजे परवाचा ठराव रद्द. ठराव रद्द म्हणजे प्रवास ही चाकरीच. चाकरीच म्हणजे आपले नाव कायम. नाव कायम म्हणजे आपण कारभारी. आपण कारभारी म्हणजे ठराव खरा. ठराव खरा म्हणजे आपले नाव चैत्रातच कमी..." ऐसे हे चक्र तीन वेळा फिरले, आणि पंत ज्या ज्या फेऱ्यास "कारभारी" म्हणत त्या त्या फेऱ्यास तट्टू मान खाली घाली. चौथे फेऱ्यास पंतांस घेरी आली, त्यांस मागल्यांनी धरिले. सूर्य कलला. ताक संपले. एक बगळा येऊन पालखीचे कळसावर बसला, तो मोठा गंभीर होता आणि त्या जागी एकट्यासच आपण कोठे आहो हे ठाऊक होते.

मग कारभारी हळू आवाजात म्हणाले, "सटवाजी, तुला काय पाहिजे?" सटवाजी म्हणाला, "नाव, सरकार. माजा बा ह्या दांड्याला हुता, त्याचा बा हुता. मी बी गेलो न्हवतो कुटं. तुमी धाडलं तितं गेलो, सांगितलं ते आनलं. आन् घरी आलो तर बायको मडकी भायेर काढतिया." कारभारी म्हणाले, "मग लिहावे काय? हजर लिहावे तर तू हजर नव्हतास, गैरहजर लिहावे तर तू ऐकत नाहीस." येमाजी मामा हात धूत म्हणाला, "पंत, एवढं शिकलायसा. वाटंत हाय त्याला 'वाटंत' लिवा की." पंत म्हणाले, "ऐसी खूणच नाही." मामा म्हणाला, "मंग काढा. तीन काडल्या कुनी हुत्या?" हे ऐकून पंत बघत राहिले, कारण सातशे पानांचा तो पट वागविता त्यांचे मनात हे कधी आले नव्हते. कारभारी म्हणाले, "आणि 'वाटेत' म्हणजे चाकरीत की बाहेर?" सटवाजी म्हणाला, "पाय कुनाच्या कामानं चालत्यात ते बघायचं, सरकार. मी जत्रंला गेलो तर माजं पाय. तुमी धाडलं तर तुमचं पाय, माज्या अंगाला लावल्यालं. पाय ज्याच्या कामाला, रोज त्याचा." कारभाऱ्यांनी पाण्याकडे पाहिले. पाणी सटवाजीचे कमरेस होते, म्हणजे कारभाऱ्यांचे छातीस जाहले असते. सबब त्यांस हे बोलणे न्यायाचे वाटले.

मग पंतांनी नदीचे पाण्यात शाई कालविली. प्रथम कारभाऱ्यांचे नावापुढे 'वाटेत' लिहिले, तेणेकरून कारभारी कोठेतरी जाहले. कोठेतरी जाहल्यावर कारभारी जाहले. कारभारी जाहल्यावर मोहोर उमटविली आणि जुना ठराव फिरविला. मग सटवाजीचे सोळा रोज, येमाजीचे सोळा, मागल्यांचे सोळा सोळा. मागल्यांची नावे लिहिताना पंत अडले, तेव्हा चौघांनी एकसुरात सांगितली, कारण तालमीत ती शिकली होती. पंतांनी शेवटी हळूच आपलेही लिहिले. मग चौघांनी दांडे खांद्यास घेतले. सटवाजीने हाळी दिली, "पाणी!" मागून आले, "पाणी!" आणि पालखीतून, कोणी सांगितले नसता, तिसरा आवाज आला, "पाणी!" पैलतीरी गाळात एक रेडा बसला होता. सटवाजी क्षणभर थांबला. मग म्हणाला, "रेडा!" मागून, "रेडा!" आणि आतून पडद्याआड, अंमळ उशिराने पण स्पष्ट, "रेडा."

पुढील साली पुन्हा तालमीचा हुकूम सुटला. पंतांनी सांगितले की, वाटेचे सोळा रोज आता चाकरीत धरावे लागतात, त्या रोजांचे वेतन दौलतीस पडेल, आणि सरकारास पालखीही मिळणार नाही. कारभाऱ्यांनी घटकाभर विचार केला, आणि त्यांचे ध्यानी आले की वाड्यामागे एक वड आहे आणि त्याखाली पुष्कळ सावली आहे. तो वड दीडशे वरुषे तेथेच होता. सबब तालीम वडाखाली ठरली, आणि शास्त्रीबोवांस सोनकड्याहून बोलाविले. शास्त्रीबोवा आठ रोज चालत आले, पायांस फोड आलेले, काखेत एरंडाची पाने. येऊन प्रथम पंतांपाशी बसले आणि भीत भीत पुसले, "पंत, माझे आठ रोज?" पंत पट चाळीत म्हणाले, "शास्त्रीबोवा, आपण पटावर नाही. आपले आठ रोज कोठेच..." इतक्यात सटवाजी तेथे दांडा पुसत उभा होता, तो म्हणाला, "लिवा, पंत. कासवाच्या खाली जागा हाय. वाटंत." पंतांनी त्याचे पायांकडे पाहिले, शास्त्रीबोवांचे पायांकडे पाहिले, आणि लिहिले.

येणेप्रमाणे हकिकत जैशी घडली तैशी लिहिली. सटवाजीचा दांडा त्याचे घरी राहिला, मडकी आत गेली, आचाऱ्याचा मेहुणा अद्याप हातभर कमीच आहे. तात्पर्य इतकेच की, सोनकडे आठ रोजांवर होते तोवर होते, जोवर वाट कोणी मोजीत नव्हते. मोजू लागताच ते वाड्यामागे आले. बखरकारास ही हकिकत आणावयास भोईआळीपर्यंत जाणे आणि येणे पडले, एकूण अर्धा कोस. तो पंतांस सांगून लिहविला आहे. लेखनसीमा.